राखणीचं कुत्रं, घरचं मांजर आणि आजारपणातली सेवा

नेसरी परिसरात शेतकऱ्याच्या दारात एक वेळ गाडी नसेल, पण कुत्रं असतंच. हडलगे, तारेवाडी, कानडेवाडी, कुठल्याही वाडीवर जा. माणसाच्या आधी कुत्रं तुमची चौकशी करतं. भुईमूग-सोयाबीनच्या वावरात रानडुकराची चाहूल पहिल्यांदा त्यालाच लागते. भाताच्या कणगीभोवतीचे उंदीर मांजर आवरतं. या दोघांना पगार नाही, वैरण नाही, विमा नाही. उरलीसुरली भाकरी आणि वाटीभर ताक-दूध यावर त्यांची नोकरी चालते.

गाय आजारी पडली की आपण रात्री-अपरात्री डॉक्टरांचं दार ठोठावतो. दूध बंद झालं की संसाराचं गणित बिघडतं, त्यामुळे ते योग्यच आहे. पण कुत्रं दोन दिवस अन्नाला शिवलं नाही तर काय ऐकायला मिळतं? "अवो साहेब, कुत्रं ते. चाटून चाटून बरं हुतंय." काही वेळा ते खरंच बरं होतं. बऱ्याच वेळा मात्र गोठ्यामागं जाऊन मरून पडतं. आणि कधी कधी त्याचं दुखणं त्याच्यापुरतं न राहता घरातल्या पोरापर्यंत येतं. म्हणून हा विषय शेतकरी बंधू-भगिनींपुढे मांडावासा वाटला. हे लिहिणारा जनावरांचा डॉक्टर नाही, कृषी खात्याचा माणूस आहे. इंजेक्शन, सलाईन, टाके ही कामं डॉक्टरांचीच. पण डॉक्टर येईपर्यंत आणि डॉक्टर गेल्यानंतर जे करायचं असतं, ते घरच्यांच्याच हातात असतं. त्यालाच शुश्रूषा म्हणतात.

शुश्रूषा हे वेगळं शास्त्र आहे

मुंबईत परळला जनावरांच्या इस्पितळाला जोडून १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. तिथं डॉक्टर तयार होतात. दवाखान्यात जखमा धुणाऱ्या, पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला आपल्या सरकारी भाषेत 'व्रणोपचारक' असं भारदस्त नाव आहे. इंग्लंडात जनावरांच्या परिचारिकांसाठी १९६१ पासून रीतसर प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू झाली. नाडी मोजणं, ताप बघणं, पाणी पाजणं, कूस बदलणं, नोंद ठेवणं ही तिथली पहिली पायरी. यातलं एकही काम असं नाही, जे आपल्या घरातल्या बाईमाणसाला किंवा शाळेतल्या पोराला जमणार नाही.

निरोगी जनावर ओळखा

आजार ओळखायचा तर आधी निरोगीपण माहीत पाहिजे. कुत्र्याचा ताप गुदद्वारातून बघतात. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून ते इंचभर आत सरकवायचं. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, पण तो जनावराचा वेगळा ठेवावा. कुत्र्या-मांजराचं अंग माणसापेक्षा गरमच असतं. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचं तापमान. तेव्हा नुसता हात लावून "अंग तापलंय" म्हणू नका. नाक कोरडं की ओलं यावरूनही ताप कळत नाही.

नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. शांत बसलेल्या मोठ्या कुत्र्याची नाडी मिनिटाला ६० ते १००, लहान कुत्र्याची १४० पर्यंत. मांजराची त्याहून जलद, दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची तर दोनशेच्या घरात. श्वास कुत्र्याचा मिनिटाला १० ते ३०, मांजराचा २० ते ३०. कुत्रं उन्हात जीभ काढून धापा टाकतं, ती त्याची अंग गार करायची रीत आहे. मांजर मात्र तोंड उघडून श्वास घेऊ लागलं तर ते गंभीर समजा.

आता हिरड्या बघा. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची आणि सोडायची. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर रक्त कमी आहे किंवा आत कुठंतरी वाहतंय. पिवळ्या दिसल्या तर कावीळ. निळसर दिसल्या तर श्वासाची अडचण. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश खाली बसली, तर अंगातलं पाणी आटलं आहे.

आपल्याकडे काही जण कारवान जातीची उंच, सडपातळ कुत्री हौसेनं पाळतात. सीमेपलीकडं तिलाच मुधोळ म्हणतात. या जातीच्या बरगड्या निरोगीपणीही दिसतात. त्यावरून ती उपाशी किंवा आजारी समजू नयेत. पण अंगावर चरबी आणि केस कमी असल्यानं आजारपणात त्यांना थंडी लवकर बाधते.

धरायचं कसं?

दुखणारं जनावर धन्यालाही चावतं. त्यात त्याचा दोष नाही. कुत्र्याला तपासण्याआधी मऊ कापडाच्या पट्टीचा फास तोंडावर घ्या, हनुवटीखाली एक आढा मारा आणि टोकं कानामागं बांधा. मात्र ओकारी होत असेल, धाप लागली असेल किंवा तोंडाला मार असेल तर तोंड बांधू नका, जीव गुदमरेल. मांजराला जाड टॉवेलात किंवा पोत्याच्या तुकड्यात मान सोडून गुंडाळा. दवाखान्यात नेताना झाकणाची दुरडी किंवा भोकं पाडलेलं खोकं घ्या. मोटारसायकलवर नुसतं हातात धरून नेलेलं मांजर हॉर्न वाजला की उसात पसार होतं.

गाडीनं ठोकरलेलं कुत्रं पाय धरून ओढू नका. फळी किंवा घोंगडं सरकवून त्यावर घ्या आणि दोघांनी उचला.

जागा, पाणी, पोट

आजारी जनावराची जागा कोरडी, वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची आणि घरच्यांच्या नजरेसमोर असावी. खाली पोतं, वर जुनं धोतर किंवा लुगडं. उठता येत नसेल तर दर दोन ते चार तासांनी कूस बदला. नाहीतर कोपर आणि खुब्यावर जखमा होतात आणि खालच्या बाजूच्या फुप्फुसात पाणी साठतं. लघवीनं भिजलेलं अंग कोमट पाण्यानं पुसून कोरडं करा.

पाणी अन्नापेक्षा आधी. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागं सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे वीस किलोच्या राखणीच्या कुत्र्याला लिटरभर तरी. जुलाब-उलटीत गरज वाढते. माणसाचं ओआरएसचं पुडकं लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून चमचा-चमचा देता येतं. एकदम वाटीभर पाजलं तर उलटून पडतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं द्यावं. पाजताना बैलाला पाजतो तशी मान वर करून घशात ओतायची नाही. तोंड सरळ ठेवून ओठाच्या कोपऱ्यातून, गालाच्या पिशवीत, बिनसुईच्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं. शुद्ध हरपलेल्या किंवा झटके येणाऱ्या जनावराच्या तोंडात थेंबही घालू नका. ते पाणी फुप्फुसात जातं आणि मूळ दुखणं राहून न्यूमोनियाच होतो.

पोट बिघडलं असता मऊ भात आणि बिनमिठा-मसाल्याची उकडलेली कोंबडी, हाडं काढून, थोडी थोडी द्यावी. तांबड्या रश्श्याचा उरलेला घोट आणि नळीची हाडं हा आपल्या कुत्र्यांचा रविवारचा बेत असतो. पण शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं आणि आतडं फाडतं. रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्या-मांजराचं रक्त कमी करतो. मांजराचं आणखी एक लक्षात ठेवा. ते दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. "खाईल भूक लागली की" हे मांजराच्या बाबतीत चालत नाही. बोका लघवीला बसतोय, ओरडतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.

जखम आणि किडे

जखमेवर हळद, राख, चुना, बॅटरीची पूड, जळकं तेल असं काय काय लावलेलं दिसतं. आधी जखम धुणं महत्त्वाचं. लिटरभर उकळलेल्या पाण्यात चहाचे सपाट दीड-दोन चमचे मीठ घालून गार करा आणि त्याची धार सोडून घाण काढा. भोवतीचे केस कातरा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. "थांबलं का?" म्हणून मधेच उचलून बघितलं की बसलेली गाठ सुटते.

पावसाळ्यात जखमेत माशा बसून किडे पडतात. फिनेल ओतून किडे मारायची आपली जुनी सवय. मांजराच्या बाबतीत फिनेल म्हणजे विषच, डेटॉलही तसंच. मांजर अंग चाटतं आणि ते पोटात जातं. किडे चिमट्यानं वेचून काढावेत आणि पुढचं औषध डॉक्टरांकडून घ्यावं. चाटण्यानं जखम बरी होते हा गैरसमज आहे. सतत चाटलेली जखम ओलीच राहते, टाके तुटतात. प्लॅस्टिकच्या जुन्या बादलीचा तळ मानेच्या मापानं कापून, कडेला कापड शिवून गळ्यात अडकवा. आठ दिवस कुत्रं रुसतं, पण जखम सुकते.

विष: हा आमच्या खात्याचाही विषय

उंदीर मारायच्या मोहिमेत झिंक फॉस्फाइडचं आमिष आपण वापरतो. उंदीर मरतोच, पण ते आमिष किंवा तो मेलेला उंदीर खाऊन कुत्री-मांजरंही मरतात. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की या काळ्या भुकटीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. पंधरा मिनिटांपासून चारेक तासांत ओकाऱ्या, तगमग, धाप, झटके सुरू होतात. यावर उतारा असं खास औषध नाही. अशा वेळी दूध, भाकरी, तूप काही देऊ नका. अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायू जास्त सुटतो. ओकारीतून येणारा वायू माणसालाही बाधतो. म्हणून जनावर मोकळ्या हवेत ठेवा आणि गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा.

दुसरा प्रकार ब्रोमाडिओलोनच्या रंगीत वड्यांचा. हे विष रक्त गोठू देत नाही. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा शेणातून रक्त येतं, कुत्रं धापा टाकतं. याला 'व्हिटॅमिन के-१' हे उताऱ्याचं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत काही आठवडे द्यावं लागतं. "वडी खाल्ली, पण काही झालं नाही" असं समजून गप्प बसू नका. तेच दोन दिवस औषधोपचाराचे असतात.

तिसरा प्रकार कीटकनाशकांचा. तोंडाला लाळेच्या धारा, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी, अंगाला थरथर, जुलाब ही क्लोरपायरीफॉससारख्या औषधांची खूण. हुमणीसाठी उसात टाकलं जाणारं फोरेट, म्हणजे आपलं 'थिमेट', ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं आहे. तरी कुणाच्या खोपीत जुनी पिशवी पडून असेल, तर ती कुत्र्याच्या आणि पोरांच्या वाटेतून काढा. औषध अंगावर सांडलं असेल तर हातमोजे घालून साबणानं अंग धुवा. आणि डब्यावरची चिठ्ठी, नाहीतर डबाच, डॉक्टरांकडं न्या. औषधाचं नाव कळलं तर उपचारातली निम्मी धावपळ वाचते. मिठाचं पाणी, ताक, गोडेतेल पाजून ओकारी काढायचा उद्योग मात्र नको.

यातलं बरंच टाळता येतं. आमिष बांधावर न मांडता जिवंत बिळात खोल घालून बीळ बुजवा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. ते चार दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि शेजाऱ्यालाही सांगा. उंदरांना मारणारं मांजरच आधी मेलं, तर पुढच्या हंगामात कणगी कोण राखणार?

गुरांच्या गोचिडांचं औषध मांजराला कधीच लावू नका. पायरेथ्रॉइड गटातली काही औषधं मांजराचं शरीर पचवू शकत नाही. तसंच माणसाच्या गोळ्यांचं. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरते. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होतं. "आम्हाला गुण आला, त्यालाबी दिली" ही माया महागात पडते.

सापाच्या बाबतीतही तेच. नाकाडावर किंवा पायावर सूज आली म्हणून चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी एकच लस असते. ती जितकी लवकर तितका उपयोग.

पिल्लांची रक्ती हगवण

दोन-चार महिन्यांचं पिल्लू सुस्त होतं, ओकतं आणि घाण वासाचं रक्त हगतं. हा बहुधा पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आज गावोगाव आहे. विषाणू मारायचं औषध नाही. सलाईन, ऊब आणि स्वच्छता यावर पिल्लू तरतं, म्हणजे इथं शुश्रूषा हाच मोठा उपचार. आजारी पिल्लू दुसऱ्या पिल्लांपासून वेगळं ठेवा, त्याची भांडी वेगळी ठेवा. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. लिटरभर पाण्यात सपाट चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून, वरची निवळी फरशीवर दहा मिनिटं राहू द्या आणि मग धुवा. त्या जागेवर लस न टोचलेलं नवं पिल्लू लगेच आणू नका. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा टोचावी लागते. एकाच टोचणीवर भागत नाही.

पिसाळणं: इथं सेवा नको, सावधपणा हवा

वर सांगितलेली सगळी माया एका ठिकाणी आवरायची. नेहमी शांत असणारं कुत्रं एकाएकी अंगावर येऊ लागलं, किंवा खोडकर कुत्रं अंधारात दडून बसलं. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर जवळ जाऊ नका. "घशात हाड अडकलं असंल" म्हणून त्याच्या तोंडात हात घालणारे लोक आपल्यात आहेत. तो हात पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत जातो. त्याला चावायचीही गरज उरत नाही, बोटावर साधी चीर असली तरी पुरे. पिसाळलेलं मांजर, म्हैस, गाय यांच्या तोंडाबाबतही हेच. गाय पिसाळली की ओरडते, लाळ गाळते आणि आपण 'काहीतरी अडकलं' म्हणून तोंड उघडायला धावतो.

रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस किंवा जनावर वाचत नाही असंच धरून चालावं. पण चावल्यावर वेळेत केलेल्या उपायानं तो टळतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा लस टोचली आणि तो मुलगा वाचला. त्याला आता १४० वर्षं होऊन गेली. तरी आपल्याकडं जखमेला मिरची-चुना लावून मंत्र घालायला नेणारे आहेत. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली तर सर्वांत आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. पोटात चौदा सुया टोचतात या भीतीनं बायामाणसं चावा लपवतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता दंडात टोचतात. त्वचेत द्यायच्या पद्धतीत टोचण्या पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. रक्त आलेल्या चाव्याला जखमेच्या जागी आणखी एक औषध टोचावं लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा. कुत्रं पाळीव असेल तर बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा. पण ते दहा दिवस बघू आणि मग जाऊ, असं करू नका. टोचणी लगेच सुरू करायची.

पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक आणि पुढं दर वर्षी. मांजरालाही तीच. कुत्र्यांमुळं होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा राष्ट्रीय आराखडा २०२१ साली आला. त्यासाठी शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना तरी लस मिळाली पाहिजे. दरवर्षी २८ सप्टेंबरला रेबीज दिन असतो. त्या सुमारास ग्रामपंचायतीनं, तरुण मंडळानं पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावात एक दिवस टोचणीचा ठेवला तर खर्च फार नाही. गणपतीच्या मांडवातल्या एका दिवसाच्या लायटिंगपेक्षा कमीच.

घरात काय ठेवाल?

वेगळा थर्मामीटर, गॉझचे तुकडे, कापसाचं बंडल, रुंद पट्टी, पोव्हिडोन आयोडीन, ओआरएसची दोन पुडकी, बिनसुईची सिरिंज, हातमोजे, छोटी कात्री, साबण. एक रिकामा पत्र्याचा डबा पुरतो. त्यावर जवळच्या डॉक्टरांचा नंबर चिकटवा. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन १९६२ आहे. ते मुख्यतः गुरांसाठी आहे, तेव्हा कुत्र्या-मांजरासाठी येतील का हे फोनवरच विचारून घ्या. सोबत एक वही ठेवा. कधी खाल्लं, किती प्यालं, ताप किती, लघवी झाली का, ओकारीत काय होतं हे तारीख-वेळ घालून लिहा. डॉक्टर "कधीपासून?" विचारतात तेव्हा "झाले की दोन-चार दिवस" या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो. वहीतल्या चार ओळींचा असतो.

ही वही लिहायचं काम घरातल्या शाळकरी पोराकडं द्या. ते मनापासून करील. आणि कुत्र्याच्या तोंडाजवळ कधी जायचं, कधी नाही हेही त्याला त्याच वेळी शिकवा.